गावपळणीतला मीटर

आमच्या गावात कुणाला भांडण करायचं असेल तर लोक मला बोलावतात. यात उगाच नम्रता नको. एसटीवाला थांब्यावर गाडी उभी करत नाही, नळाचं पाणी सोडणारा दांडी मारतो, कुणाच्या फणसाची फांदी कुणाच्या कौलांवर टेकते, की आलीच हाक, "ताईनू, जरा येवा गे!" तहसील कचेरीत कारकुनी केली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तोंड तेवढं माझं माझ्याजवळ राहिलं आणि ते मी गंजू दिलं नाही. तरीपण ज्या भांडणाबद्दल आज लिहायला बसले आहे ते मी जिंकलेलं नाही. ते बाईंनी जिंकलं. आवाज न चढवता जिंकलं, हे विशेष.

बाई म्हणजे माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, त्यावरून वाट्या जातात, वर्तमानपत्र जातं, बातम्या तर काय विचारूच नका. बाई गावच्याच शाळेत शिकवायच्या, अर्धा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, म्हणून त्या सगळ्यांच्या बाई. त्यांचे यजमान ते बुवा. भजनाचे बुवा. डबलबारीला दोन मंडळं समोरासमोर बसायची आणि आमचे बुवा उठले की समोरचा पेटीवाला आधी पाणी प्यायचा. आवाज असा की खाडीपलीकडचे लोक दुसऱ्या दिवशी सांगायचे, काल तुमच्याकडे भजन चांगलं झालं.

करोनाने तो आवाज नेला. बुवा इस्पितळातून जिवंत परतले, पण फुप्फुसं तिथेच ठेवून आल्यासारखे. तेव्हापासून त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनची मशीन आली. देवघरातल्या कपाटाएवढी, चाकांवरची. हवेतून ऑक्सिजन गाळून घेते आणि नळीने नाकात सोडते. ती चालते विजेवर. वीज गेली की कोपऱ्यातला सिलिंडर जोडायचा, पण तो थोड्या वेळाचा सोबती. मधली नळी बदलेपर्यंतसुद्धा बुवांचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे होतात. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तेव्हा मी भांडायला कुणी सापडेना म्हणून देवाशी भांडले होते.

अशात ती मीटरची बातमी आली. जुने मीटर काढून नवे बसवणार, आणि त्यात म्हणे पैसे आधी भरायचे, मोबाइलसारखे. भरलेले संपले की लाईट बंद. कुणी येऊन तोडायला नको, नोटीस नको, काही नको, आपोआप.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. मी भाषण ठोकलं, टाळ्याही मिळाल्या. मग कोपऱ्यातून बाईंनी एकच विचारलं, "पैसे संपत इले, ह्या कळतला कसा?"

"मेसेज येता, बाईनू," एकजण म्हणाला.

"खंय येता?"

सगळा मंडप हसला. आमच्या वाडीत रेंज मिळते ती ओढ्यावरच्या साकवावर, त्या लाकडी पुलावर, उभं राहिलं तर, तीही एका पायावर आणि तोंड मालवणकडे करून. पावसात तर टॉवरच झोपतो. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाऱ्यान लाईट गेली तर सगळ्यांची जाता. मगे सगळो गाव धावता, कोण बॅटरी आणता, कोण वायरमनाक फोन करता. ह्या मीटरान जायत ती माज्या एकटीची जायत. शेजाऱ्याक दिवो दिसत आसतलो आणि माज्या घरात काय चल्लाहा ता कोणाक कळाचा नाय."

माझ्या त्या लांबलचक भाषणात हे कुठेच नव्हतं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी तालुक्याला वीज कचेरीत गेलो. तिथले साहेब भले होते. बाईंनी कचेरीत शिरताच मालवणी बाहेर चपलांबरोबर काढून ठेवली आणि शाळेतल्या मराठीत सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "आजारी माणूस आहे त्या घरात जबरदस्ती होणार नाही. कुणाच्याच घरी विचारल्याशिवाय हात लावणार नाहीत. पण काम ठेकेदाराचं आहे, तुम्हीही लक्ष ठेवा," म्हणाले. मी म्हटलं, "लक्ष? साहेब, डोळ्यांत तेल घालून बसतो की नाही बघा!"

आणि बसलोच. बायकांनी पाळ्या लावल्या. जिचं घर वळणावर तिने दारच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून आमसुलं वाळवायची, कुणी अनोळखी गाडी दिसली की थाळा वाजवायचा. पापड विकणारा एक बिचारा त्या थाळ्याने असा पळाला की पिशवी टाकून गेला. वाडीवाडीत पहारा, कुणाची टाप नव्हती आत यायची. आणि हे असं डोळ्यांत तेल घालून राखलेलं गाव आम्ही सगळ्यांनी मिळून एका सकाळी रिकामं केलं आणि चालते झालो.

कारण गावपळण आली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा, थंडीच्या दिवसांत, ग्रामदेवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. पोपटाचा पिंजरासुद्धा. शिवेपलीकडे माळावर झावळांच्या झोपड्या घालायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. गाव त्या दिवसांत देवाचा. का, ते विचारू नका, कुणी भुतांचं सांगतं, कुणी रोगराईचं. मी देवाधर्माची फारशी नाही, पण पळण मला आवडते. शेजारणीशी वर्षभर अबोला धरलेली बाई तिथे तिच्याकडेच मीठ मागते.

आमचा मूर्खपणा असा, की पळणीची तयारी करताना मीटर एकालाही आठवला नाही. चुली आठवल्या, चटया आठवल्या, म्हाताऱ्यांची कवळी आठवली. पण वळणावर थाळा घेऊन कोण बसणार? बसणारीच माळावर!

आम्हाला घोर होता तो बुवांचा. डॉक्टर म्हणाले, झोपडीत नेऊ नका, लेकाकडे गोव्याला पाठवा. बुवा म्हणाले, "गाव पळता आणि मी गोव्याक? माका मेलेलो समाजलास काय?" एवढं बोलायलासुद्धा त्यांना तीनदा थांबावं लागलं. मग बाईंनी काय करावं? शिवेच्या अगदी पलीकडे दुसऱ्या गावातलं एक घर आहे, तिथे गेल्या आणि त्या घरमालकाला विचारून आल्या. त्याने आपल्या पडवीतून वायर ओढून दिली, बुवांची झोपडी त्याच्या कुंपणाला चिकटून बांधली गेली आणि मशीन सुरू झाली. एक पैसा घेतला नाही त्याने. माझी साखरेची इंजेक्शनंही त्याच्याच फ्रीजमध्ये विसावली, ताकाच्या तांब्याशेजारी. बुवा खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होते. वर्षभर चार भिंतींत काढलेला माणूस तो, माळावरचा वारा लागला तसा नवरदेवासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपत असताना, गावाच्या बाजूने गाडीचा आवाज आला. आमच्या रिकाम्या गावातून! सगळे उठून उभे राहिले. पांढरी टेम्पोसारखी गाडी, वरच्या रस्त्याने आत शिरलेली आणि आता आमच्या शिवेवरून बाहेर पडणारी. मागे पुठ्ठ्याचे खोके आणि त्या खोक्यांवर रचलेले जुने मीटर.

मी गाडीच्या आडवी गेले. हातात भाताची पळी होती ती तशीच. "थांबव! थांबव मेल्या! शिरा पडो तुमच्या तोंडार, खंय हात घातलास?"

सुपरवायझर खाली उतरला. घाटावरचा होता, तरणा नव्हे, म्हातारा नव्हे, उन्हाने रापलेला आणि दमलेला. "ताई, आम्हाला काम दिलंय. आम्ही घरोघर आवाज दिला. एकानेही विरोध केला नाही."

"विरोध कोण करणार? कोंबड्या? त्यासुद्धा आमच्याबरोबर हय आसत!"

"आम्हाला वाटलं, लग्नाला वगैरे गेले असतील."

"आख्खा गाव? गुरं घेऊन लग्नाला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, पण मला हसू येत नव्हतं. कोणकोणती घरं झाली, विचारलं. आमची वाडी झाली होती. गडग्याच्या अलीकडचं घर झालं होतं, पलीकडचंही. बुवा परवा ज्या घरात परतणार त्या घराच्या भिंतीवर नवा मीटर बसला होता. मग माझं तोंड सुटलं. कचेरीतल्या साहेबांपासून ह्याच्या खापरपणजापर्यंत मी कुणाला सोडलं नाही. तो ऐकत राहिला. माझ्यासारख्या बायका त्याला गावोगाव भेटत असणार. माझं बोलून झालं आणि गाडीतला एक मीटरही हलला नाही.

मग पुरुष मंडळी सरसावली. त्यांचं अस्त्र वेगळं. "पळणीत गावात पाय ठेवलास मां? आता बघ. मागच्या येळेक एकजण गेल्लो, तेची वाचा गेली." गाडीतल्या माणसांचे चेहरे पांढरेफटक पडले. एकाने तर हातातली पक्कड खाली ठेवली.

तेवढ्यात बाई आल्या. हात पदराला पुसत, अगदी शाळा सुटल्यावर येतात तशा. पुरुषांना म्हणाल्या, "भिवडावू नकात तेंका. भिती उतारली काय परत येतले." आणि सुपरवायझरकडे वळून, शाळेतल्या मराठीत, "तुम्ही जेवलात का? नाही ना. आधी माझ्याबरोबर या. लांब नाही, ती झोपडी."

तो गेला. मीही मागोमाग गेले, आणि माझ्यामागून निम्मा गाव.

बुवा खाटेवर उशीला टेकून बसले होते, नाकात नळी, शेजारी मशीन आपली धापा टाकत होती. "येवा, बसा," म्हणाले. त्याने नमस्कार केला, बसला नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्ही आज आमच्याकडे मीटर बसवलात. त्यातले पैसे संपले की काय होईल?"

"तसा तो अजून प्रीपेड केलेला नाही बाई. आता नुसता बसवलाय. ते नंतर वरून होईल."

"वरून म्हणजे कुठून?"

त्याने बोट वर केलं, झावळांच्या छपराकडे.

"बरं, होईल तेव्हा होईल. पैसे संपले की मग काय?"

"सप्लाय बंद होईल."

"कोण करणार बंद?"

"कोणी नाही. आपोआप."

"आपोआप काही होत नसतं," बाई म्हणाल्या. वर्गात चुकलेल्या मुलाला समजावतात तेवढ्याच शांतपणे. "आज तुम्ही बसवलात, म्हणून एक दिवस बंद होईल. तेव्हा पाऊस असेल, मेसेज पोचलेला नसेल, मला झोप लागलेली असेल, आणि तुम्ही इथे नसाल. त्यापेक्षा आत्ताच करा. दिवसाउजेडी. सिलिंडर इथे आहे, मी इथे आहे, काही झालंच तर मी लगेच जोडीन. हे बटण. तुमच्या हाताने बंद करा आणि काय होतं ते उभे राहून बघा."

मी पुढे होणार तोच बाईंनी नुसता हात मागे केला, थांब म्हणून. त्यांचा दुसरा हात सिलिंडरच्या चावीवर होता. सिलिंडरची नळी त्यांनी आधीच त्याच मुठीत तयार धरली होती. ते फक्त मला दिसलं, कारण मी मागे उभी होते.

आणि बुवा! बुवा हसले. एकेक शब्द वेगळा करत म्हणाले, "कर रे झिला. मी तयार आसंय. फक्त माका... आपोआप मारू नको. तोंड बघून... मार."

सुपरवायझरचा हात बटणापर्यंत गेला. मला वाटतं तो मुद्दाम गेला नाही, कुणी सांगितलं की आपण हात पुढे करतो तसा गेला. बोटं बटणावर टेकली आणि तिथेच राहिली. मग त्याने हात मागे घेतला, तो हात पँटला पुसला आणि खाटेच्या कडेवर मटकन बसला.

"नाही जमणार," म्हणाला.

"मग ते भिंतीवरच्या डब्याला का सांगता?" बाई म्हणाल्या.

माझी आयुष्यभराची भांडणं एका पारड्यात टाका आणि बाईंचं हे एवढं एक वाक्य दुसऱ्या पारड्यात.

सुपरवायझर म्हणाला, "तुमचा मीटर मी आजच परत जुना लावून देतो. कोणी विचारलं तर बघून घेईन मी. बाकीच्यांचं मात्र राहू द्या बाई, मला वर उत्तर द्यायचंय."

माझ्या मनात आलं, सुटलो! बुवा वाचले! मी बाईंच्या कानाशी लागले, "व्हय म्हणा. पटकन व्हय म्हणा."

बाई म्हणाल्या, "नको."

"नको?" मी आणि सुपरवायझर एकदमच ओरडलो.

"माझ्या एकटीचा नको." बाईंनी झोपडीबाहेर बोट दाखवलं. पलीकडच्या पडवीतून आलेली वायर आमच्या डोक्यावरून मशीनपर्यंत पोचली होती. "ही वायर बघा. ही शेजाऱ्याची आहे. आज त्याच्या घरात वीज आहे म्हणून हे बसून तुमच्याशी बोलतायत. उद्या गावात माझी लाईट गेली, तर मी कुठे धावणार? शेजारीच ना? आणि शेजारीही अंधार असेल तर? माझ्या घराला राखायचं तर माझ्या आजूबाजूची घरं आधी राखली पाहिजेत. माझ्या एकटीचा जुना मीटर घेऊन मी काय करू?"

पुढ्यात चालून आलेला नवऱ्याचा श्वास त्यांनी परत केला होता, सगळ्यांसाठी मागायचा म्हणून. मी असते तर हो म्हटलं असतं, दोन्ही हातांनी घेतलं असतं आणि वर पेढे वाटले असते. मला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं आणि रागही आला. आता वाटत नाही.

सुपरवायझर म्हणाला, "मी साहेबांना फोन करून विचारतो." त्याने मोबाइल काढला, वर धरला, खाली धरला, झोपडीबाहेर जाऊन दगडावर चढला, मग टेम्पोच्या टपावर चढला. सगळा गाव मान वर करून बघत होता. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "असोच एका पायार रव रे पुता. आमी असोच रिचार्ज करतलंव." हशा असा उसळला की बांधलेल्या म्हशी दावी तोडायला लागल्या. तो टपावर उभा राहून स्वतःही हसायला लागला. खाली उतरला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. "चला रे," आपल्या माणसांना म्हणाला, "काढलेत ते सगळे परत लावायचे."

पण इथे घोडं पेंड खायला लागलं. लावणार कसे? गाव रिकामा, देवाचा. आमच्यातला कुणी आत जाणार नाही, घर दाखवणार नाही. आणि ह्यांना तरी परत आत सोडायचं का? मानकरी मंडळी बाजूला बसली. खल सुरू झाला. एक म्हणे, भायल्यांका पळण लागू नाय. दुसरा म्हणे, एकदा चुकून गेले ती गोष्ट वेगळी, आता आम्ही धाडतंव. मी म्हटलं, "अरे, देव काय काळोखात बसणार आहे का तोपर्यंत?" तर मला गप्प बसवलं. शेवटी सर्वांत वडील मानकरी उठले, शिवेवर जाऊन गावाकडे तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही परकी लेकरां नकळत तुज्या गावात शिरली. जा काढल्यानी ता परत जागच्या जागेर लावूक आत जातत. तेंच्या हाताक यश दी, चुकभूल आसात ती पोटात घाल, आणि ह्या गावातल्या कोणाच्याच घरातलो दिवो इजू देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ एका आवाजात म्हणाला. झोपडीतून बुवांचाही आवाज आला, बारीक, पण सुरात. आणि तो घाटावरचा सुपरवायझरही म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग बाईंनी त्या सगळ्यांना आधी जेवायला वाढलं. कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याची किसमूर. उपाशी माणसाच्या हातून वायरी चुकतात, म्हणाल्या.

मीटरवरचे नंबर आपल्या यादीशी ताडून त्यांनी काम उरकलं आणि दिवस मावळायच्या आत ते बाहेर आले. गाडीत नवे मीटर होते, जुना एकही नव्हता. सुपरवायझरने बुवांना वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याचं पुढे काय झालं, बोलणी खाल्ली की काम गेलं, कळलं नाही. मी कचेरीत जाऊन चौकशी केली, तर तिथे म्हणाले ठेकेदाराची माणसं बदलत असतात. कुठे असेल तिथे त्याला सुखाचे दिवस असोत, असं मी मनापासून म्हणते, आणि मी अशी कुणाबद्दल म्हणत नाही. कचेरीतल्या साहेबांनी मात्र शब्द पाळला. झाल्या प्रकारावर ठेकेदाराला झापलं म्हणे, आणि गावाने होकार दिल्याशिवाय हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

चौथ्या दिवशी गाव परत भरला तो ढोल वाजवत. लोक आधी देवळात गेले, बाई आधी पडवीत गेल्या. जुना मीटर होता तिथे होता. त्यांनी मशीनची पिन लावली, बुवांना खाटेवर बसवलं, आणि मग जमिनीवर बसून जे रडल्या! मी गडग्यावरून उडी मारून गेले, या वयात. "आता कशाक रडतास? जिंकलास मां!" तर म्हणाल्या, "तेना बटाण बंद केल्यान असता तर गे?"

बुवा पुढच्या चतुर्थीपर्यंत होते. गणपतीची आरती ऐकली, नाकात नळी असताना घालीन लोटांगणला टाळी धरली, आणि गणपती पाण्यात गेले त्याच आठवड्यात एका सकाळी चहा घेता घेता गेले. मशीन चालू होती. वीज होती. बाई एवढंच म्हणाल्या, "आपल्या येळेक गेलो. कोणी बंद करूक नाय तेका." मशीन त्यांनी महिन्याभरातच कुडाळकडच्या एका घरी देऊन टाकली, तिथल्या मुलीला लागत होती.

आणि मग यंदा, काजूला मोहोर आला तेव्हा, मीटरवाले परत आले. या वेळी रीतसर, उजळ माथ्याने, कचेरीतला माणूस बरोबर घेऊन. घरोघर विचारत. ज्याला हवा त्याला बसवा, नको त्याला नको, पण विचारण्यातही एक रेटा असतो, तो कळतो. बाईंच्या दारात उभे राहिले तेव्हा मी गडग्याच्या अलीकडे विळीवर सांडग्या मिरच्यांना चीर देत बसले होते. कान अर्थात तिकडेच.

कचेरीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पेशंट होते म्हणून आम्ही हे घर बाजूला ठेवलं होतं. आता तशी काही अडचण नाही ना?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "पेशंट आहे."

"कोण?"

बाईंनी गडग्यावरून बोट केलं. माझ्याकडे!

"ती बघा. साखर आहे तिला. इंजेक्शनं फ्रीजमध्ये असतात. एकटी राहते. रात्री साखर उतरली तर तिला उठून दिवा लावायचं भान नसतं, मागच्या पावसात मीच तिच्या तोंडात साखर घातली. तिच्या घरात वीज राहिली पाहिजे. आणि तिची गेली तर वायर माझ्या घरातून ओढावी लागणार, म्हणून माझ्याही घरात राहिली पाहिजे. आम्हा दोघींचेही मीटर बदलायचे नाहीत."

माझं टाळकंच फिरलं. विळी तशीच सोडून मी उठले. मी? पेशंट? लोकांच्या भांडणाला मी धावते, लोकांच्या कचेऱ्या मी पालथ्या घालते, आणि ही बाई परक्या माणसांसमोर मला दुबळी ठरवते? "बाई, तोंड सांभाळा! माका कोणाची दया नको! मी काय आजच मरतंय काय?"

"गप रव गे," बाई म्हणाल्या. सबंध गावाला वर्षानुवर्षं म्हणाल्या तशाच. "दया कोण करता? मी एकटी आसंय आता. तू गेलंस तर मी गडग्यापलीकडे कोणाक हाक मारू?"

कचेरीतला माणूस माझ्याकडे वळला. बिचारा अदबीने म्हणाला, "काकी, बाई म्हणतायत ते खरं आहे का?"

मिरचीचे हात होते, म्हणून डोळे पुसता येईनात. आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी माणसाला सांगितलं. म्हटलं, "खरं आहे. मी एकटी असते आणि रात्री मला भीती वाटते. मीटर नको."